घाटातील आगगाडी : वाटेपासून देखाव्यापर्यंत

१

मराठीत ‘देखावा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. डोळ्यांपुढे पसरलेले रम्य दृश्य हा एक, आणि वरवरचे, दाखविण्यापुरते सोंग हा दुसरा. आगगाडीत बसून डोंगर पाहावयास जाणे हा आज सुटीचा सर्वमान्य प्रकार झाला आहे. दार्जिलिंग, उदगमंडलम, शिमला आणि माथेरान येथील छोट्या गाड्यांत बसण्यासाठी माणसे दूरदूरच्या प्रांतांतून येतात. या गाड्यांच्या खिडकीतून जे दिसते ते पहिल्या अर्थाने देखावा आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु ही खिडकी तेथे कशी आली, तिच्यापाशी कोण बसले आणि तिच्याबाहेर कोण राहिले, याचा शोध घेऊ लागले की दुसऱ्या अर्थाचीही सावली त्या दृश्यावर पडते. भारतातील डोंगरी लोहमार्गांचा इतिहास या दोन अर्थांच्या मधल्या जागेत घडला आहे.

आगगाडी येण्यापूर्वी आपल्या देशात डोंगर कोणी पाहिलाच नव्हता, असे अर्थातच नाही. ‘कुमारसंभवा’चा आरंभच हिमालयाच्या वर्णनाने होतो. परंतु त्या वर्णनातील हिमालय देवतात्मा आहे. तो पाहून परत यावयाचे स्थळ नव्हे. सामान्य माणसाच्या जीवनात डोंगर आला तो गडाच्या रूपाने, तीर्थाच्या रूपाने किंवा ओलांडावयाच्या घाटाच्या रूपाने. या तिन्ही रूपांत पायांना श्रम होते, आणि त्या श्रमांनाच पुण्याचे अथवा पराक्रमाचे मोल होते. १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेस निघालेल्या विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकातील प्रवास हा पायांनी मोजलेला आणि पोटासाठी पत्करलेला प्रवास आहे. मराठी मातृभाषा असलेल्या काका कालेलकरांनी गुजरातीत ‘हिमालयनो प्रवास’ लिहिला, तोही पायी केलेल्या यात्रेचा. कालेलकर हिमालयात गेले तेव्हा दार्जिलिंगला आणि शिमल्याला आगगाडी पोहोचून वर्षे लोटली होती; तरीही त्यांनी आपल्या पुस्तकासाठी चालण्याचीच वाट निवडली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

पायांना श्रम न देता, एका जागी बसून डोंगर पाहावयाचा आणि त्या पाहण्यासाठी भाडे मोजावयाचे, ही कल्पना युरोपातील आहे. स्वित्झर्लंडमध्ये निक्लाउस रिगेनबाख या अभियंत्याने रिगी पर्वतावर दातेरी पट्टीचा लोहमार्ग बांधला. तो १८७१ मध्ये सुरू झाला. माणसांना शिखरावर नेऊन देखावा दाखविणे, हाच त्या मार्गाचा पहिल्यापासूनचा हेतू होता. भारतात तसे झाले नाही. येथे डोंगरावर आगगाडी चढली ती कापसासाठी, फौजेसाठी, चहासाठी आणि सरकारी दप्तरांसाठी. देखावा नंतर आला. तो मुख्य हेतूच्या सोबतीने आला आणि मुख्य हेतू संपल्यावर एकटाच उरला.

२

या इतिहासाचा पहिला अध्याय सह्याद्रीत घडला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी गाडी धावली. पण मुंबईच्या बंदराला देशावरचा कापूस हवा होता आणि मध्ये सह्याद्रीची भिंत उभी होती. बोरघाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता १८३० मध्ये, सर जॉन मालकम यांच्या कारकिर्दीत तयार झाला होता. त्याच घाटातून लोहमार्ग नेण्याचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स जॉन बर्कली यांनी आखलेली ही चढण सुमारे पंधरा मैलांची. तेवढ्या अंतरात १,८३१ फूट उंची गाठावयाची होती. २५ बोगदे खणावे लागले, दऱ्यांवर पूल उभारावे लागले. चढ कमी करण्यासाठी एके ठिकाणी गाडीची दिशाच उलटवावी लागे, आणि ही व्यवस्था १९२९ पर्यंत चालू होती.

या कामावर १८६१ च्या आरंभी ४२ हजारांहून अधिक माणसे राबत होती. ती आली दुष्काळी तालुक्यांतून, कोरडवाहू गावांतून, पुष्कळदा बायकामुलांसह. डोंगराच्या उतारावर खोपटी घालून ती राहिली. पटकी आणि ताप यांनी त्यांच्यात थैमान घातले. सुरुंगाच्या स्फोटांत आणि कड्यावरून पडून माणसे गेली ती वेगळीच. मृतांची नेमकी मोजदाद कोणी ठेवली नाही. अभ्यासकांच्या लेखनात सुमारे २४ हजार हा अंदाज वारंवार येतो. मजुरी वेळेवर आणि पुरेशी मिळत नाही म्हणून जानेवारी १८५९ मध्ये या मजुरांनी दंगा केला. त्यानंतर पहिल्या कंत्राटदाराने, फॅव्हिएल यांनी, काम सोडले. त्यांच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आले आणि येऊन काही आठवडे होतात न होतात तोच मरण पावले. पुढे त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट चालवून काम पुरे करविले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. एका नव्या नगराने आपले रूप शब्दांत पाहण्याचे वर्ष आणि त्या नगराने सह्याद्री ओलांडण्याचे वर्ष एकच ठरले.

बर्कली, फॅव्हिएल, ट्रेडवेल, फ्रिअर ही नावे इतिहासाला ठाऊक आहेत. बेचाळीस हजारांतील एकाचेही नाव ठाऊक नाही. मात्र खोपोलीहून खंडाळ्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. शिंग्रोबा नावाच्या धनगराने घाटातून वर जाण्याची वाट साहेबाला दाखविली आणि त्याचे बक्षीस म्हणून त्याला बंदुकीची गोळी मिळाली, अशी कथा सांगितली जाते. या कथेला कागदाचा आधार मागणे व्यर्थ आहे. तीत घटनेचे सत्य किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी लोकांना काय आठवत ठेवावेसे वाटले हे सत्य तीत निश्चित आहे. वाट ज्याची होती त्याच्याकडून ती घेतली गेली, आणि नकाशावर दुसऱ्याचे नाव लागले, हे त्या कथेचे सार होय. आजही घाटातून जाणारे गाडीवान या देवळापाशी नाणे टाकतात. दप्तराने जे टिपले नाही ते देवळाने राखले.

३

बोरघाटाने डोंगर ओलांडला. पुढचे मार्ग डोंगरावर जाऊन थांबले. या फरकाचे कारण गिरिस्थानांच्या उदयात आहे. मैदानी उन्हाळा आणि त्यातील रोगराई यांपासून सुटका हवी म्हणून कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी थंड हवेची ठिकाणे वसविण्यास प्रारंभ केला. कोइंबतूरचे कलेक्टर जॉन सलिव्हन यांनी १८२० नंतरच्या काही वर्षांत उदगमंडलम येथे बस्तान बसविले. १८३५ मध्ये सिक्कीमच्या राजाकडून दार्जिलिंगचा मुलूख आजारी गोऱ्यांच्या आरोग्यधामासाठी म्हणून घेण्यात आला. १८६४ पासून शिमला हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी झाले. मराठीतील ‘हवापालट’ हा शब्द या व्यवहाराचा साक्षी आहे. तो वैद्याच्या सल्ल्यातून आला, आणि पाहता पाहता प्रकृती ठणठणीत असलेल्या माणसालाही हवापालटाची गरज भासू लागली.

लोहमार्गापूर्वी ही गरज माणसाच्या खांद्यावरून भागविली जात असे. चौघांनी वाहावयाचे झंपान, डांडी, डोली, पालखी ही वाहने होती. पियानो, कपाटे, दारूची खोकी, सरकारी कागदांच्या पेट्या असे सारे पाठीवरून वर जाई. जेथे रस्ता झाला तेथे टांगे आणि बैलगाड्या आल्या. रुडयार्ड किपलिंगच्या १८८८ मधील कथांतून प्रसिद्ध झालेले शिमला हे अशा टांग्यांचे शिमला होते. आगगाडी तेथे पोहोचावयास आणखी पंधरा वर्षे लागली.

खांद्याच्या जागी चाक आणण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न दार्जिलिंगला झाला. तेथील चहाच्या मळ्यांना माल खाली पाठवावयाचा होता, आणि मळ्यांतील मजुरांना तांदूळ वर हवा होता. सिलिगुडीच्या भावाच्या दुपटीहून अधिक भाव दार्जिलिंगला तांदळास पडत असे. ईस्टर्न बंगाल रेल्वेचे फ्रँकलिन प्रेस्टेज यांनी १८७८ मध्ये अशी कल्पना मांडली की, अस्तित्वात असलेल्या गाडीरस्त्याच्या कडेनेच दोन फूट रुंदीचे रूळ टाकावेत. लेफ्टनंट गव्हर्नर सर अ‍ॅशली ईडन यांनी ती उचलून धरली. १८७९ मध्ये काम सुरू झाले आणि जुलै १८८१ मध्ये गाडी दार्जिलिंगला पोहोचली. वाटेतील घूम हे स्थानक २,२५८ मीटर उंचीवर आहे. येथे दातेरी पट्टी नाही. गाडी कधी स्वतःभोवती वळसा घेऊन आपल्याच मार्गावरून जाते, कधी पुढे-मागे होत इंग्रजी ‘झेड’ अक्षरासारखी उंची गाठते. जुन्या वाफेच्या इंजिनावर चालक आणि आगवाला यांच्याखेरीज कोळसा फोडणारा एक माणूस असे. आणि ओल्या रुळांवर चाक घसरू नये म्हणून इंजिनाच्या पुढच्या अंगाला बसून हाताने वाळू टाकणारे दोघे असत. या गाडीच्या असंख्य छायाचित्रांत ते दोघे दिसतात. पाहणाऱ्याची दृष्टी मात्र त्यांच्या मागच्या धुरावर आणि त्याच्याही मागच्या कांचनगंगेवर असते.

निलगिरीत निराळा मार्ग अवलंबावा लागला. मेट्टुपालयमकडून वर जाताना डोंगर एकाएकी उभा राहतो. रिगीच्या मार्गाचे कर्ते रिगेनबाख यांच्याकडेही या कामासाठी विचारणा झाली होती. अखेर रोमान आब्ट या दुसऱ्या स्विस अभियंत्याच्या पद्धतीची दातेरी पट्टी रुळांच्या मधोमध बसविण्यात आली. १८९९ मध्ये गाडी कुन्नूरपर्यंत आणि १९०८ मध्ये उदगमंडलमपर्यंत गेली. ४६ किलोमीटरच्या या मार्गात कल्लार ते कुन्नूर या भागात दर बारा फुटांस एक फूट इतका चढ आहे. इंजिन मागून ढकलते, आणि डब्याडब्यावर उभे राहून ब्रेक सांभाळणारी माणसे असतात. ३२६ मीटरवरून २,२०३ मीटरवर जावयास ही गाडी साडेचार तासांहून अधिक वेळ घेते.

कालका-शिमला मार्ग ९ नोव्हेंबर १९०३ रोजी सुरू झाला. त्याच्या आखणीत सैन्याचे म्हणणे निर्णायक ठरले: आरंभी योजलेली दोन फुटांची रुंदी बदलून ती अडीच फूट करावी लागली. सुमारे ९६ किलोमीटरांत शंभरावर बोगदे आणि आठशेहून अधिक पूल आहेत. पुलांपैकी बहुतेक दगडी कमानींचे; रोमन जलवाहिन्यांप्रमाणे एकावर एक कमानींचे मजले रचलेले. खर्च इतका वाढला की १ जानेवारी १९०६ रोजी सरकारला हा मार्ग कंपनीकडून विकत घ्यावा लागला.

शिंग्रोबाच्या कथेचा जोडीदार येथे भेटतो. भलकू नावाच्या स्थानिक मनुष्याने, काठीने डोंगर ठोकून पाहत, अभियंत्यांना बोगद्याची आणि मार्गाची दिशा दाखविली असे सांगितले जाते. त्याच्या स्मृतीस मात्र सरकारदरबारी मान मिळाला: शिमल्यातील रेल्वे संग्रहालयाला आज बाबा भलकूचे नाव आहे. सह्याद्रीतील वाटाड्या लोककथेत गोळी खाऊन देव झाला, हिमालयातील वाटाड्या संग्रहालयात गेला. दोन्ही ठिकाणी लोकांचे म्हणणे एकच आहे: यंत्र परक्याचे असले तरी डोंगराचे ज्ञान येथलेच होते.

आगगाडी आली म्हणून खांद्यावरचे ओझे उतरले, अशी समजूत करून घेणे सोपे आहे. वस्तुस्थिती तशी नाही. शिमल्याच्या परिसरात बेगार, म्हणजे सक्तीची वेठ, लोहमार्ग सुरू झाल्यानंतरही चालू राहिली. १९२१ च्या सुमारास सत्यानंद स्टोक्स यांनी कोटगढ भागात तिच्याविरुद्ध चळवळ उभारली, ती याच कारणाने. चाकाने स्थानकापर्यंतचे ओझे घेतले. स्थानकापुढचे ओझे होते तेथेच राहिले.

४

या मालिकेत माथेरानचा लोहमार्ग वेगळा उठून दिसतो. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या दृष्टीस हा डोंगर पडला आणि पुढे तेथे बंगले उभे राहिले. मात्र येथे राजधानी नव्हती, छावणी नव्हती, चहाचे मळेही नव्हते. होते ते जांभ्या मातीचे रस्ते, दाट सावली आणि कड्यांवरून दिसणारे कोकण. अशा जागी आगगाडी न्यावी ही कल्पना अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांची. त्यांचे वडील सर आदमजी हे मुंबईचे प्रसिद्ध बोहरी व्यापारी. त्यांनी या कामासाठी सुमारे १६ लाख रुपये दिले. १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि १९०७ च्या मार्च महिन्यात नेरळहून निघालेली गाडी माथेरानला पोहोचली. सुमारे २० किलोमीटरच्या या मार्गावर बोगदा असा एकच. उंची गाठली जाते ती वळणांनी. कडा अंगावर येतो आणि गाडी त्याला बगल देऊन वळते.

भारतातील ज्या डोंगरी मार्गाचा हेतू जवळजवळ सर्वस्वी सुटीचा होता तो एतद्देशीय भांडवलावर उभा राहिला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. राज्यकर्त्यांना गिरिस्थान हवे होते ते कारभारासाठी. मुंबईच्या पारशी, बोहरी, भाटिया आणि पुढे मराठी मध्यमवर्गीयाला ते हवे होते ते विसाव्यासाठी. रिगीवरच्या आगगाडीशी खरे नाते सांगणारा मार्ग माथेरानचा. गोऱ्यांच्या सावलीत वाढलेल्या विसाव्याच्या कल्पनेवर येथे भारतीय माणसाने आपला हक्क सांगितला. बंगाल्यात हेच पूजेच्या सुटीत दार्जिलिंगला ‘चेंज’साठी जाणाऱ्या भद्रलोकांनी केले. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे ‘दख्खनची राणी’ सुरू झाली तीही प्रथम शर्यतीच्या शौकिनांची गाडी म्हणून. पुढे नोकरदारांनी ती आपलीशी केली. स्वातंत्र्यानंतर सरकारी नोकरांना प्रवासाच्या सवलती मिळू लागल्या आणि गिरिस्थानाची सुटी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली.

तथापि हा हक्क मिळविताना जुन्या व्यवस्थेतील एक गोष्ट तशीच उचलली गेली. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्यामुळे स्थानकापुढे हातरिक्षा आणि घोडे राहिले. बसणारे बदलले; ओढणारे बदलले नाहीत. माणसाने माणसाला ओढून नेण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. माथेरानची गाडी सुरू होऊन तेव्हा ११८ वर्षे झाली होती.

५

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर डोंगरांत मोटाररस्ते सुधारले. चहा, बटाटे, धान्य मालमोटारींतून जाऊ लागले. घाईच्या माणसाने बस धरली. ज्या कारणांसाठी हे मार्ग बांधले गेले ती एकेक करून नाहीशी झाली आणि तोट्यात चालणारे मार्ग बंद करावेत असे सूर निघू लागले. अशा वेळी त्यांना वाचविले ते त्यांच्यातील वैगुण्याने. गाडी हळू चालते, हा अभियंत्याचा नाइलाज होता. आता तोच गुण ठरला. धावत्या जगात सावकाश चालणारी वस्तू दुर्मीळ झाली आणि दुर्मीळ झाली म्हणून मोलाची वाटू लागली.

या रूपांतरात चित्रपटांचा वाटा मोठा आहे. १९६९ च्या ‘आराधना’ने दार्जिलिंगची गाडी घरोघरी पोहोचविली, १९९८ च्या ‘दिल से’ने निलगिरीची गाडी नव्या पिढीपुढे आणली. पुढची पायरी जागतिक मान्यतेची. १९९९ मध्ये युनेस्कोने दार्जिलिंगच्या मार्गाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. ऑस्ट्रियातील झेमरिंगनंतर असा मान मिळालेला जगातील हा दुसराच लोहमार्ग. २००५ मध्ये निलगिरीची आणि २००८ मध्ये कालका-शिमल्याची भर त्यात पडली. वारसा म्हणून जतन होताना लोहमार्गाचा अर्थ पुन्हा बदलला. आता प्रवासी पोहोचण्यासाठी बसत नाही, बसण्यासाठी पोहोचतो.

या ठिकाणी साहित्याने एक प्रश्न विचारून ठेवला आहे. जो देखाव्यात राहतो त्याला तो देखावा कसा दिसतो? इंद्रबहादुर राई या दार्जिलिंगच्या श्रेष्ठ नेपाळी लेखकाची कादंबरी १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘आज रमिता छ’. ‘रमिता’ म्हणजे पाहण्याजोगा तमाशा; नावाचा अर्थ, ‘आज तमाशा आहे’. तिच्यातील दार्जिलिंग हे बाजारपेठेचे, संसाराचे, मळ्यांतील मजुरांच्या असंतोषाचे दार्जिलिंग आहे. खिडकीतून दिसणारे नव्हे. नेपाळी ‘रमिता’ आणि मराठी ‘देखावा’ या शब्दांत पाहण्याचा आनंद आणि त्या आनंदाविषयीचा संशय असा एकत्र नांदतो. शिमल्यात जन्मलेल्या निर्मल वर्मांची ‘लाल टीन की छत’ ही १९७४ मधील हिंदी कादंबरीही शिमला दाखविते ते हिवाळ्यातील, पाहुणे निघून गेल्यानंतरचे. काया या मुलीच्या एकाकी बालपणाला ते रिकामे शहर वेढून राहते. पर्यटकाचे शिमला जेथे संपते तेथे वर्मांचे शिमला सुरू होते. प्रवासवर्णन खिडकीच्या आतून लिहिले जाते; या कादंबऱ्या बाहेरून लिहिल्या गेल्या. दोन्ही एकत्र वाचल्याखेरीज गिरिस्थानाचे वाचन पुरे होत नाही.

६

डोंगर स्वतः या व्यवहारात कधी स्वस्थ बसलेला नाही. जून २०१० मधील दरडीनंतर दार्जिलिंगचा संपूर्ण मार्ग पुन्हा जोडला जाण्यास २०१५ चा डिसेंबर उजाडला. २०१९ च्या पावसाने माथेरानचा मार्ग उखडला. नेरळहून निघालेली गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा माथेरानला पोहोचली. ऑगस्ट २०२३ मध्ये शिमल्याजवळ समर हिल येथे दरड कोसळली, माणसे गाडली गेली, आणि खालची माती वाहून गेल्याने रूळ हवेत लोंबकळत राहिले. अशा प्रत्येक वेळी मार्ग पुन्हा उभा राहतो तो फावड्या-कुदळींनी. बोरघाटात पावसाळ्यापूर्वी कड्यांवर चढून सुटे दगड आधीच पाडून टाकणाऱ्या टोळ्या असतात. त्यांनी आपले काम चोख केले तर प्रवाशाला काहीच दिसत नाही. हे काम अदृश्य राहण्यातच त्याचे यश आहे, आणि म्हणूनच त्याची आठवण हेतुपूर्वक ठेवावी लागते.

अशी आठवण ठेवण्याचे एक उदाहरण कोकणात आहे. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. सह्याद्रीच्या सोंडा फोडून त्यावर नव्वदाहून अधिक बोगदे खणावे लागले. त्या कामात प्राण गमावलेल्यांसाठी रत्नागिरीला श्रमशक्ती स्मारक उभारले आहे. बोरघाटात हजारोंनी मेलेल्यांच्या वाट्याला जे आले नाही ते, एकशे पस्तीस वर्षांनंतर का होईना, त्यांच्या व्यवसायबंधूंच्या वाट्याला आले.

आणि आता बोरघाटही देखावा झाला आहे. जून २०२१ पासून मुंबई-पुणे दख्खन एक्सप्रेसला काचेच्या छताचा डबा जोडण्यात आला. पावसाळ्यात त्या डब्याच्या खुर्च्या फिरवून प्रवासी कड्यांवरून कोसळणारे धबधबे पाहतात, बोगद्यांचा अंधार आला की मुले आरोळ्या देतात. त्या आनंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. बोगदे खणणाऱ्यांची पणतवंडे-खापरपणतवंडेही त्या डब्यात बसलेली असतील; त्यांनी आरामात बसून डोंगर पाहावा यात अन्याय कोणावरही होत नाही.

अन्याय होतो तो विसरण्याने. ज्या काचेतून सह्याद्री दिसतो त्याच काचेपलीकडे १८५९ च्या दंग्याची, पटकीने ओस पडलेल्या खोपट्यांची आणि निनावी माणसांची जागा आहे. ती जागा दाखविणारी पाटी घाटात नाही. शिंग्रोबाचे देऊळ तेवढे आहे, आणि तेही लोहमार्गावर नसून रस्त्यावर. घाट ओलांडताना नाणे टाकावे, ही गाडीवानांची रीत आहे. आगगाडीच्या प्रवाशाला तेथे थांबता येत नाही. त्याच्या हाती एवढेच आहे की, बोगद्याच्या अंधारात जे काही क्षण देखावा दिसेनासा होतो, त्या क्षणांत तो अंधार कोणी खणला याची त्याने आठवण करावी.